पाच मिनिटांचे औषध, पाच तासांचा परिणाम: रक्तात एक विकर (एन्झाइम) नसलेल्या रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, ३० खाटांच्या खासगी रुग्णालयात, ऑगस्ट महिन्यातील एका रात्री २४ वर्षांचा तरुण पोटाच्या उजव्या बाजूच्या दुखण्यामुळे दाखल झाला. दुखणे सकाळपासून होते, दोनदा उलटी झाली होती आणि अंगात ताप होता. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेले दिसले आणि ते फुटण्याच्या बेतात असावे, असे शल्यचिकित्सकांचे मत पडले. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करायचे ठरले, त्यामुळे संपूर्ण भूल देणे ओघानेच आले. रुग्णाला कोणताही जुना आजार नव्हता, आधी कधी शस्त्रक्रिया झाली नव्हती, नेहमीच्या रक्ततपासण्या आणि यकृताच्या चाचण्या ठीक होत्या. कुटुंबाचे बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र होते आणि तो दिवसभर तेथेच बसत असे. कुटुंब आर्य वैश्य समाजाचे होते. व्यवसाय आणि समाज या दोन्ही गोष्टी केसपेपरवर आल्या त्या केवळ नाव-पत्त्याबरोबर. पुढे त्यांचा निदानाशी संबंध येईल, असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

पोट भरलेले असण्याची शक्यता असली की भूल देताना अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी रुग्ण बेशुद्ध होणे आणि श्वासनलिकेत नळी बसणे यांतील अंतर शक्य तितके कमी ठेवावे लागते, आणि त्यासाठी सक्सामेथोनियम हे औषध अनेक दशके वापरात आहे. शस्त्रक्रियागृहात त्याला सगळे स्कोलीन म्हणतात. ते ३० ते ६० सेकंदांत सर्व ऐच्छिक स्नायू सैल करते आणि साधारण ५ ते १० मिनिटांत त्याचा असर संपतो. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी या रुग्णाला १०० मिलिग्रॅम स्कोलीन दिले गेले. अंगभर स्नायूंची बारीक थरथर झाली, नळी विनासायास बसली, शस्त्रक्रिया सुरू झाली.

भूलतज्ज्ञांनी येथे एक गोष्ट नियमाने केली, आणि तिचे महत्त्व नंतर कळले. दीर्घकाळ टिकणारे दुसरे शिथिलक, म्हणजे ॲट्राक्युरियम, देण्यापूर्वी पहिल्याचा असर उतरल्याची खूण दिसेपर्यंत थांबायचे. पुष्कळ ठिकाणी नळी बसताच दुसरे औषध दिले जाते. ते येथे दिले गेले असते, तर पुढच्या सगळ्या घटनेचा दोष त्याच्यावर गेला असता आणि खरे कारण बहुधा कधीच सापडले नसते.

अडचण कशी समोर आली

साडेअकरा वाजले तरी रुग्णाने ना श्वास घेण्याचा प्रयत्न केला, ना पोटाचे स्नायू आवळले. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हे सोयीचेच होते. ११ वाजून ५५ मिनिटांनी शेवटचा टाका पडला आणि नेहमीप्रमाणे आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू बंद करण्यात आला. सव्वाबारापर्यंत श्वास आला नाही. नाडी मात्र १२४ वर गेली, रक्तदाब १७० वर चढला आणि डोळ्यांच्या कडेला पाणी दिसले.

या शेवटच्या तीन खुणांनी सगळ्या प्रश्नाचे स्वरूप बदलले. श्वास न येण्याची नेहमीची कारणे म्हणजे भूल खोल राहणे, अफूवर्गीय वेदनाशामकाचा असर उरणे, किंवा कृत्रिम श्वास जास्त दिल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरणे. यंत्रावर कार्बन डायऑक्साइड ३८ दाखवत होता, म्हणजे शेवटचे कारण बाद झाले. भूलतज्ज्ञांनी पापण्या उचलून बाहुल्या पाहिल्या. फेंटानिल या अफूवर्गीय औषधाचा असर उरला असता, तर त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दिसायला हव्या होत्या. त्या रुंद होत्या आणि प्रकाश पडताच आकुंचन पावत होत्या. स्नायुशिथिलकांचा बाहुलीवर परिणाम होत नाही, कारण तिचे स्नायू अनैच्छिक असतात. या सगळ्याचा एकत्र अर्थ एकच निघत होता: मेंदू जागा झाला आहे, पण शरीर हलू शकत नाही.

पहिला निर्णय निदानाचा नव्हता आणि तो निदानाची वाट न पाहता घेतला गेला. रुग्णाला मिडाझोलाम आणि पाठोपाठ प्रोपोफॉल देऊन पुन्हा झोपवण्यात आले, आणि देताना भूलतज्ज्ञांनी त्याच्या कानाशी मोठ्याने सांगितले, "तुमची शस्त्रक्रिया नीट झाली आहे. औषधाचा असर अजून आहे म्हणून हालचाल होत नाही. श्वास आम्ही देतो आहोत. तुम्हाला परत झोपवतो." माझ्या मते या रात्रीतील सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते.

त्यानंतर कपाटातून चेतातंतू-उद्दीपक यंत्र काढण्यात आले. मनगटाजवळील चेतातंतूला विजेचे लागोपाठ चार झटके दिले की अंगठा चार वेळा हलायला हवा. तो एकदाही हलला नाही. स्कोलीन देऊन ८० मिनिटे झाली होती.

औषध, विकर आणि वेळ

स्नायू हलण्यासाठी चेतातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलिन नावाचा छोटा रेणू सुटतो, स्नायूवरील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो आणि स्नायू आकुंचन पावतो. चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधील संधीतच, म्हणजे फटीतच, ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेले असते आणि ते या रेणूचे मिलिसेकंदांत तुकडे करते. म्हणून प्रत्येक संदेश वेगळा राहतो. सक्सामेथोनियमचा रेणू म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन ॲसिटिलकोलिन होत. तो ग्राहीला तसाच चिकटतो, सुरुवातीची थरथर त्यामुळेच होते. पण संधीतील विकराला तो तोडता येत नाही. तो तेथेच राहतो आणि स्नायू पुढचा संदेश घेण्यास असमर्थ होतो.

त्याचे विघटन करणारे विकर वेगळे आहे आणि ते संधीत नसून रक्तद्रवात असते: ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. ते यकृतात तयार होते. शिरेत टोचलेल्या स्कोलीनचा बहुतांश भाग हे विकर वाटेतच नष्ट करते आणि जेमतेम दहावा हिस्सा स्नायूंपर्यंत पोहोचतो. रक्तातील प्रमाण झपाट्याने घटले की संधीतील औषधही रक्ताकडे परत झिरपते आणि तेथे त्याचाही नाश होतो. म्हणजे ज्या ५ ते १० मिनिटांना आपण औषधाचा गुण म्हणतो, तो प्रत्यक्षात रुग्णाच्या रक्तातील एका प्रथिनाचा गुण आहे.

हे प्रथिन काम कसे करते, ते येथे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. त्याच्या एका साखळीत ५७४ अमिनो आम्ले असतात आणि अशा चार साखळ्या मिळून पूर्ण रेणू बनतो. प्रत्येक साखळीच्या घडीत एक खोल, अरुंद खोबण असते आणि तिच्या तळाशी तीन अमिनो आम्ले नेमक्या अंतरावर उभी असतात: १९८ व्या जागेवरील सेरीन, ३२५ व्या जागेवरील ग्लुटामेट आणि ४३८ व्या जागेवरील हिस्टिडीन. साखळी सरळ ताणली, तर ही तिघे एकमेकांपासून फार दूर आहेत; घडी बरोबर पडली तरच ती शेजारी येतात. औषधाचा रेणू खोबणीत उतरला की सेरीन त्याचे तुकडे जोडणाऱ्या एस्टर बंधावर हल्ला करते, कोलिनचा तुकडा सुटून जातो, उरलेला भाग क्षणभर सेरीनला जोडलेला राहतो आणि मग पाण्याचा रेणू येऊन त्यालाही मोकळे करतो. सेरीन पुन्हा पूर्ववत होते आणि पुढच्या रेणूसाठी सज्ज असते.

यात एक मुद्दा पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो आणि विसरला जातो: विकर नवी अभिक्रिया घडवत नाही, घडू शकणाऱ्या अभिक्रियेचा ऊर्जेचा उंबरठा खाली आणते. पाण्यात सक्सामेथोनियम विकराविनाही फुटते, पण अतिशय सावकाश. थोडे मूत्रपिंडांवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. विकर नसलेल्या माणसाच्या शरीरातून औषध जातेच, फक्त मिनिटांऐवजी तास लागतात. उपचाराचा सगळा निर्णय या एका वाक्यावर उभा होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय निओस्टिग्मिनचा. शस्त्रक्रियेनंतर इतर शिथिलकांचा असर उतरवण्यासाठी हे औषध रोज वापरले जाते, त्यामुळे हात त्याच्याकडे जाणे स्वाभाविक होते. परंतु निओस्टिग्मिन हे कोलिनेस्टरेज रोखणारे औषध आहे. ते संधीतील ॲसिटिलकोलिन वाढवते, आणि स्कोलीनचा अडथळा मुळात ग्राही सतत उद्दीपित राहिल्यामुळे असतो. त्यात भर घातली की अडथळा वाढण्याचीच शक्यता. शिवाय रक्तातील उरलेसुरले विकरही ते बंद करते. बऱ्याच वेळानंतर अडथळ्याचे स्वरूप बदलते आणि मग निओस्टिग्मिनचा कधी उपयोग होतो, कधी होत नाही. ज्या औषधाचा परिणाम दोन्ही दिशांनी होऊ शकतो, ते अंगठा एकदाही हलत नसताना देणे त्यांनी टाळले. हा निर्णय मला निःसंशय योग्य वाटतो.

दुसरा पर्याय गोठवलेल्या ताज्या प्लाझ्माचा. दात्याच्या रक्तद्रवात हे विकर असते आणि ते अनेक दिवस टिकते, त्यामुळे तर्क चोख होता. मात्र रक्तपेढी दीड तासावरच्या जिल्ह्याच्या गावी होती, रक्तघटक देण्याचे स्वतःचे धोके असतात, आणि मुख्य म्हणजे रुग्णाच्या जिवाला त्या क्षणी धोका नव्हता. नळी सुरक्षित होती, ऑक्सिजनचे प्रमाण उत्तम होते. केवळ चार तास वाचवण्यासाठी दुसऱ्याचे रक्तद्रव देणे समर्थनीय नव्हते.

तिसरा, मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा. नातेवाइकांचा कल याच्याकडे होता आणि ते समजण्यासारखे आहे. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला तरुण मुलगा मध्यरात्री व्हेंटिलेटरवर दिसला की कोणालाही शहर गाठावेसे वाटते. भूलतज्ज्ञांनी आधी ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर मोजून घेतले, जनरेटर चालवून पाहिला, व्हेंटिलेटरची बॅटरी तपासली, आणि सकाळपर्यंत पुरेल एवढी तजवीज असल्याची खात्री झाल्यावरच चौथा पर्याय निवडला: येथेच थांबायचे, झोपवून ठेवायचे, श्वास देत राहायचे आणि दर अर्ध्या तासाने अंगठा पाहायचा. खडबडीत रस्त्यावर, हलत्या रुग्णवाहिकेत नळी निसटण्याची भीती ही या रुग्णाच्या बाबतीत आजारापेक्षा मोठी होती.

वडिलांना हे कसे सांगितले, तेही नोंदवण्यासारखे आहे. भूल "जास्त झाली" असे त्यांना वाटत होते. मात्रा नेहमीचीच दिली आहे. ती संपवणारा रक्तातला एक घटक तुमच्या मुलाच्या अंगात कमी असावा, म्हणून वेळ लागतो आहे, मेंदूला किंवा हृदयाला काही झालेले नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं. सिझेरियननंतर ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही." त्या रुग्णालयाने तेव्हा कोणताही कागद दिला नव्हता, घरात ती आठवण "आत्याला भूल चढली होती" एवढ्याच शब्दांत शिल्लक होती.

घटनाक्रम आणि निदान

पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी छातीची पहिली क्षीण हालचाल दिसली, म्हणजे औषध देऊन पाच तासांहून अधिक काळ गेल्यावर. अंगठ्याच्या चारही हालचाली सारख्या जोराने येईपर्यंत सहा वाजले. झोपेचे औषध त्यानंतरच थांबवले. रुग्णाने डोके उचलून पाच सेकंद धरून ठेवले, हात घट्ट दाबला, आणि सकाळी पावणेसातला नळी काढण्यात आली.

रक्ताचा नमुना शहरातील प्रयोगशाळेत गेला. ब्युटिरिलकोलिनेस्टरेजची चाचणी मराठवाडा-विदर्भात दुर्मिळ नाही, कारण कीटकनाशकांच्या विषबाधेत तीच करतात. अहवाल आला: संदर्भमर्यादा लिटरमागे ५,००० ते १२,००० युनिट, रुग्णाचा आकडा १५० हून कमी.

आणि येथेच दुसरा वळणबिंदू होता. फवारणीच्या हंगामात कृषी सेवा केंद्रात बसणारा तरुण आणि जवळजवळ शून्य कोलिनेस्टरेज, हे चित्र पाहून कोणीही विषबाधा म्हणेल. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके याच सेरीनला फॉस्फेटचा गट जोडून विकर निकामी करतात. पाण्याला तो गट सहज सोडवता येत नाही. प्रयोगशाळेने अहवालावर तशी शक्यता लिहूनही पाठवली. मात्र या रुग्णाला ना घाम, ना लाळ, ना बारीक बाहुल्या. शिवाय अशा विषबाधेत लाल पेशींवरील ॲसिटिलकोलिनेस्टरेजही घटते, कारण दोन्ही विकरांची रचना मिळतीजुळती आहे. पण त्यांची जनुके निरनिराळी आहेत, एकाचे सातव्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर, त्यामुळे जन्मजात दोषात एकच विकर घटते. लाल पेशींतील विकर मोजले, ते सामान्य निघाले. सहा आठवड्यांनी, तेवढा काळ दुकानापासून दूर राहिल्यानंतर, रक्तद्रवातील विकर पुन्हा मोजले. आकडा होता तेथेच होता. विषामुळे घटलेले विकर एवढ्या काळात यकृताने भरून काढले असते. दोष जन्मजात होता.

आई-वडील दोघांचेही आकडे मर्यादेच्या खाली, साधारण निम्म्यावर आले. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. २१ वर्षांच्या धाकट्या बहिणीचा आकडा भावासारखाच, नगण्य. आत्याचाही तसाच.

भारतातील वैश्य समाजात या विकराचा अभाव अधिक आढळतो, ही गोष्ट भूलतज्ज्ञांच्या वर्तुळात जुनी आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागचे एक उत्परिवर्तन दाखवले गेले: ३०७ व्या जागेवर ल्युसीनऐवजी प्रोलीन. प्रोलीनची बाजूची साखळी मुख्य कण्याला परत जोडलेली असल्याने तेथे साखळी मोकळेपणाने वळत नाही, आणि घडी बिघडली की खोबणीतील तिघांची जुळणीही बिघडते. या कुटुंबाची जनुकचाचणी झालेली नाही, त्यामुळे त्यांच्यात हेच उत्परिवर्तन आहे, असे म्हणता येणार नाही. ती आग्रहाने करून घ्यावी असेही वाटले नाही, कारण उत्तर काहीही आले तरी सल्ला बदलत नव्हता. औषधशास्त्रज्ञ वेर्नर कालोव यांनी १९५७ मध्ये मांडलेला डिब्युकेन अंकही (डिब्युकेन या स्थानिक भुलीच्या औषधाने विकर किती टक्के रोखले जाते, तो आकडा) येथे कामाचा नव्हता. सामान्य विकर डिब्युकेनने सुमारे ८० टक्के रोखले जाते आणि सदोष प्रकारचे सुमारे २०. पण मोजायला विकरच नसेल, तर टक्केवारी कशाची काढणार?

निष्पत्ती

रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेला. जाण्यापूर्वी भूलतज्ज्ञ त्याच्याशी एकट्याने बोलले. आवाज ऐकू येत होते, बोट हलवायचा प्रयत्न करत होतो आणि आपण मेलो की काय असे वाटले, असे त्याने सांगितले. तो भास नव्हता, ते खरेच घडले, हे त्याला स्पष्टपणे सांगितले गेले. मोठ्याने बोललेली ती चार वाक्ये त्याला शब्दशः आठवत होती आणि त्यानंतर भीती कमी झाली, असे तो म्हणाला. काही आठवडे झोप चाळवत राहिली, पुढे ती स्थिरावली.

चौघांना मराठी आणि इंग्रजी मजकुराचे कार्ड देण्यात आले: भाऊ, बहीण, आत्या यांच्यासाठी सक्सामेथोनियम आणि मिव्हाक्युरियम (याच विकराने विघटन होणारे दुसरे शिथिलक) वर्ज्य, क्लोरोप्रोकेनसारखी एस्टर वर्गातील भुलीची औषधे टाळावीत, आत्याच्या मुलीची तपासणी बाकी असल्याने तूर्त तिलाही तेच. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायलाही सांगितले.

आईचा प्रश्न वेगळाच होता: मुलीच्या लग्नाच्या वेळी हे सांगावे लागेल का? हा आजार नाही. या विकराविना माणूस पूर्ण निरोगी आयुष्य जगतो, ना पथ्य लागते ना औषध. अडचण येते ती फक्त मोजक्या औषधांशी गाठ पडल्यावर. तसे त्यांना सांगितले गेले, आणि सासरच्यांना कार्ड दाखवणे हे मुलीच्या पहिल्या बाळंतपणाआधी तरी झालेच पाहिजे, हेही.

काय वेगळे करता आले असते

चेतातंतू-उद्दीपक यंत्र रुग्णालयात होते, पण कपाटात होते. आयसोफ्लुरेन बंद करण्यापूर्वी एकदा अंगठा पाहिला असता, तर रुग्णाला जागेपणीची ती पंधरा-वीस मिनिटे भोगावी लागली नसती. पाऊण तास स्कोलीनचा असर टिकल्याची खूण समोर होती. ती सोय म्हणून वाचली गेली, इशारा म्हणून नाही. आता ते यंत्र भुलीच्या ट्रॉलीवर असते.

शस्त्रक्रियेपूर्वी "आधी कधी भूल घेतली होती का?" एवढेच विचारले गेले. "घरात कोणाला भुलीनंतर उठायला वेळ लागला होता का, कोणाला व्हेंटिलेटरवर ठेवले होते का?" असे विचारले असते, तर आत्याची गोष्ट अकरा वाजण्यापूर्वीच बाहेर आली असती. हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा. समाज विचारावा की नाही, याबद्दल त्या रुग्णालयात मतभेद झाले. आडनावावरून अंदाज बांधणे भरवशाचे नाही आणि एखाद्या समाजावर शिक्का बसू नये ही काळजीही रास्त आहे. तरीही ज्या भागात आर्य वैश्य कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तेथे कारण सांगून मोकळेपणाने विचारणे हे रुग्णाच्या हिताचेच आहे, असे मला वाटते. सरसकट सर्वांची विकरचाचणी मात्र व्यवहार्य नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेआधी अहवाल येत नाही आणि इतर बहुसंख्य लोकांत हा दोष विरळ आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत तो काही हजारांत एखाद्यालाच असतो.

राहिला प्रश्न औषध बदलण्याचा. रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत दिले तर जवळजवळ तितक्याच वेगाने काम करते आणि त्याचा या विकराशी संबंध नाही. परंतु त्याचा असर बराच टिकतो आणि ऐनवेळी तो उतरवण्यासाठी सुगामाडेक्स जवळ असावे लागते, जे महाग आहे. रुग्णालयाने स्कोलीन ट्रेमधून काढलेले नाही. संशयित रुग्णांसाठी रोक्युरोनियम फ्रीजमध्ये ठेवले जाते, आणि सुगामाडेक्सच्या दोन कुप्या मागवण्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आहे.